हिशेबाची वही आणि तोंडाची वाफ

ज्या पुस्तकाविषयीं आज लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे, त्यास प्रसिद्ध होऊन पंधरांहून अधिक वर्षें लोटलीं आहेत. तेव्हां एवढ्या उशिरानें त्याचें परीक्षण करण्याचें प्रयोजन काय, अशी शंका वाचकांच्या मनांत सहज येईल. कादंबरी अथवा काव्यसंग्रह यांचें परीक्षण, ग्रंथ छापखान्यांतून ताजा बाहेर पडला असतांनाच झालेलें बरें. परंतु वाङ्मयाची एक जात अशी आहे कीं, तिचा खरा परीक्षक काल हाच असतो, आणि टीकाकारानें त्याच्या मागोमाग जाऊन त्यानें समासांत मारलेल्या खुणा तेवढ्या वाचावयाच्या असतात. एखाद्या राष्ट्रानें पुढील चाळीस-पन्नास वर्षें आपल्या चुली, दिवे, गाड्या आणि कारखाने कशावर चालवावे, याचीं भविष्यचित्रें रेखाटणारीं पुस्तकें या जातींत मोडतात.

केंब्रिज विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाचे अध्यापक डेव्हिड मकाय यांचें 'सस्टेनेबल एनर्जी — विदाउट द हॉट एअर' हें पुस्तक २००८ च्या अखेरीस निघालें. या नांवाचें मराठी करावयाचें झाल्यास 'टिकाऊ ऊर्जा: तोंडाची वाफ न दवडतां' असें करावें लागेल, आणि मराठी नांव मूळ नांवापेक्षां कांकणभर सरसच वठतें असें आम्हांस वाटतें, कारण वाफ म्हणजे तरी काय, फुकट गेलेली उष्णताच!

विषय असा आहे. दगडी कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायु हीं जाळल्यानें निघणारा कर्बवायु वातावरणांत सांचून पृथ्वी तापत चालली आहे, हें आतां शाळेंतील मुलांसहि ठाऊक आहे. ब्रिटनच्या पार्लमेंटानें २००८ सालीं कायदा करून असें ठरविलें कीं, १९९० सालीं असलेल्या प्रमाणांत २०५० पर्यंत शेंकडा ८० घट करावयाची. पुढें २०१९ सालीं तो आंकडा वाढवून निव्वळ प्रमाण शून्यावर आणण्याचें ठरलें. कायदा करणें सोपें. पण कोळसा, तेल आणि वायु हीं तिन्ही वजा केल्यावर वहींत उरतें काय, आणि त्यावर सहा कोटि माणसांचा संसार चालेल काय, हा प्रश्न कायद्यानें सुटत नाहीं. त्या काळीं त्या देशांत यावर दोन तट पडले होते. एक पक्ष म्हणे, आमच्या बेटाभोंवतीं वाहणारा वारा 'अपार' आहे. दुसरा पक्ष म्हणे, पवनचक्क्या हा 'हास्यास्पद' खेळ आहे. प्रो. मकाय यांचा राग या दोन्ही पक्षांवर नसून त्यांच्या विशेषणांवर आहे. अपार म्हणजे किती? आणि हास्यास्पद म्हणजे कितीच्या खालीं? एवढेंच ते विचारतात, आणि मग पाटी-पेन्सिल घेऊन बसतात.

त्यांनीं घेतलेलें माप आपल्या घरोघरीं परिचयाचें आहे. विजेच्या मीटरावर जें एक युनिट पडतें तेंच त्यांचें माप. मात्र तें केवळ विजेला न लावतां ते पेट्रोलला लावतात, घराच्या उबेला लावतात, विमानप्रवासाला लावतात, आणि सगळ्याचा भागाकार करून 'माणशीं दर दिवशीं इतकीं युनिटें' अशा एकाच रूपांत उत्तर देतात. कोट्यवधि टन आणि अब्जावधि वॅट यांच्या गर्दींत हरवलेला सामान्य वाचक येथें एकदम आपल्या घरीं येतो. रोज पन्नास किलोमीटर मोटार हांकणारा मनुष्य रोज ४० युनिटें जाळतो. वर्षांतून एकदां विमानानें दूर देशीं जाऊन येणाऱ्याच्या नांवावर, तो एकच प्रवास वर्षभर वांटून घेतला तरी, रोजचीं सुमारें ३० युनिटें पडतात. उलट, मोबाईल टेलिफोनचा चार्जर भिंतींत लावून ठेवूं नये म्हणून त्या दिवसांत जो उपदेशाचा भडिमार चालला होता, त्याची वासलात त्यांनीं दोन ओळींत लाविली आहे: एक दिवसभर चार्जर काढून ठेवल्यानें जें वांचतें तें मोटार एका सेकंदांत खाऊन टाकते, आणि वर्षभर काढून ठेवला तर एका वेळच्या गरम पाण्याच्या स्नानाची बचत होते. हें वाचून आमच्या एका स्नेह्यानें पुस्तक मिटून ठेविलें आणि म्हटलें, 'मग आम्हीं करावें तरी काय?' प्रो. मकाय यांस आपल्या वाचकानें नेमका हाच प्रश्न विचारावयास हवा होता.

पुस्तकाच्या पहिल्या भागांत ते दोन रकाने उभे करीत जातात. डावीकडे तांबडा रकाना खर्चाचा, उजवीकडे हिरवा रकाना मिळकतीचा. एक प्रकरण खर्चाचें, पुढचें मिळकतीचें, अशी जुगलबंदी चालते. देशांतील सर्वांत वाऱ्याच्या दहाव्या हिश्शाच्या जमिनीवर पवनचक्क्याच पवनचक्क्या लाविल्या तर माणशीं २० युनिटें मिळतील; म्हणजे वर सांगितलेल्या मोटारवाल्याची अर्धी गरज भागेल. नंतर छपरांवरील सूर्य, समुद्रांतील वारा, लाटा, भरती-ओहोटी, जळणाचीं शेतें, पृथ्वीच्या पोटांतील उष्णता, सगळ्यांची बेरीज होत जाते आणि शेवटीं तांबडा रकाना १९५ वर व हिरवा १८० वर येऊन थांबतो. लढत बरोबरीची झाली असें वाटून वाचक सुटकेचा निःश्वास सोडतो न सोडतो, तोंच पुढील प्रकरणांत लोकमताचा प्रवेश होतो. कोणी म्हणतो, डोंगराची शोभा जाते. कोणी म्हणतो, पक्षी मरतात. कोणी म्हणतो, खर्च परवडत नाहीं. आणि प्रत्येक हरकतीबरोबर हिरव्या रकान्याचा एकेक मजला ढांसळत जाऊन १८० चे अवघे १८ राहतात, तर खऱ्या ब्रिटनचा सरासरी खर्च १२५! आंकड्यांच्या पुस्तकांत इतकी नाट्यमय कलाटणी आम्हीं क्वचितच पाहिली आहे. लेखक विनोदी आहे, पण विनोदासाठीं तो आंकडा वांकवीत नाहीं. आणि जेथें त्याचें अनुमान ढोबळ असतें तेथें ढोबळ असल्याचें स्वच्छ सांगतो. हा गुण आपल्याकडील शास्त्रीय लेखनांत अजून दुर्मिळ आहे.

दुसऱ्या भागांत पांच योजना येतात, आणि टीकाकाराचें खरें काम येथेंच आहे. लेखक प्रथम देशाचें एक सोपें व्यंगचित्र काढतो: वाहतूक, घराची ऊब, आणि विजेचीं उपकरणें, एवढेंच त्यांत आहे. मोटारी व आगगाड्या विजेवर नेल्या, घरें नीट बंदिस्त केलीं आणि तीं बाहेरच्या हवेंतील उष्णता आंत ओढून आणणाऱ्या यंत्रांनीं तापविलीं, म्हणजे एकंदर खर्च बराच खालीं येतो. मात्र विजेची गरज माणशीं १८ युनिटांवरून ४८ वर जाते. हीं ४८ कोठून आणावयाचीं? पहिली योजना म्हणते, सर्वांकडून थोडीं थोडीं. दुसरी योजना 'आमच्या परसांत नको' म्हणणाऱ्यांची. ती परदेशच्या वाळवंटांतून वीज आणते. तिसरी व चौथी त्या देशांतील दोन राजकीय पक्षांच्या मतांस अनुसरून अणुशक्ति टाळतात. त्यांतील चौथी हरित पक्षाची असल्यामुळें कोळसाहि टाळते आणि समुद्र व डोंगर पवनचक्क्यांनीं भरून टाकते. पांचवी अर्थशास्त्र्याची, आणि तींत बहुतेक सर्व भार अणुकेंद्रांवर आहे. आवडेल ती घ्या, न आवडल्यास स्वतः सहावी करा, पण बेरीज मात्र जुळली पाहिजे, असें लेखकाचें म्हणणें आहे.

हें वाचीत असतां आम्हांस आपल्या जुन्या समस्यापूर्तीची आठवण झाली. राजसभेंत श्लोकाचा चौथा चरण दिलेला असे, आणि कवींनीं पहिले तीन रचून तो अर्थास आणावयाचा. येथें चौथा चरण '२०५० सालीं शून्य' हा आहे, आणि शास्त्रज्ञ, अर्थशास्त्री, मुत्सद्दी आपापले तीन चरण रचीत आहेत. समस्यापूर्तींत कसब लागतें. वृत्त चुकलें कीं सभा हंसते. परंतु तींत एक मूळचाच दोष आहे. शेवट ठरलेला असल्यामुळें, पहिला चरण म्हणजे उद्यां सकाळीं काय करावयाचें तो, सर्वांत शेवटीं आणि पुष्कळदां सर्वांत घाईनें रचला जातो. पांचहि योजनांत २०५० सालचें चित्र स्पष्ट आहे. पण आधीं काय, मागून काय, कोणतें पाऊल टाकल्याशिवाय पुढचें टाकतां येत नाहीं, आणि वाटेंत एखादें साधन अपेक्षेबाहेर स्वस्त किंवा महाग झालें तर योजना कोठें वळेल, याविषयीं पुस्तक बहुतांशी मुकें आहे.

हा दोष केवळ प्रो. मकाय यांचा नव्हे. या जातीच्या पुस्तकांची वंशावळ त्याच देशांत फार जुनी आहे. १८६५ सालीं विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स नांवाच्या एकोणतीस वर्षांच्या तरुणानें 'द कोल क्वेश्चन' हा ग्रंथ लिहून इंग्लंडची झोंप उडविली होती. १८६१ सालीं त्या देशांत ८ कोटि ३६ लक्ष टन कोळसा खपत होता व खप दरसाल शेंकडा साडेतीन या प्रमाणानें वाढत होता. हेंच प्रमाण शंभर वर्षें चाललें तर १९६१ सालीं २६० कोटि टनांहून अधिक कोळसा लागेल, तेवढा पुरणें शक्य नाहीं, म्हणून राष्ट्राची भरभराट कोठेंतरी थांबलीच पाहिजे, असा त्याचा सिद्धान्त होता. ग्लॅडस्टननें १८६६ च्या अंदाजपत्रकाच्या भाषणांत त्याचा आधार घेतला. प्रत्यक्षांत काय झालें? १९१३ सालीं ब्रिटिश खाणींतून २८ कोटि ७० लक्ष टन कोळसा निघाला, आणि तोच कळस ठरला. १९६१ सालीं वीस कोटि टनहि निघाला नाहीं. वारा, भरती-ओहोटी, खनिज तेल या सर्वांचा विचार जेव्हन्सनें केला होता, आणि कोळशाची जागा घेण्यास सर्वच असमर्थ म्हणून ते बाजूस सारले होते. टंचाईच्या भीतीनें त्याच्या मनांत असें घर केलें होतें कीं, त्यानें लिहिण्याचा व बांधणीचा कागद एवढा सांठवून ठेविला कीं, मृत्यूनंतर पन्नास वर्षें झालीं तरी मुलांस तो संपवितां आला नव्हता, असें केन्सनें लिहून ठेविलें आहे.

म्हणून जेव्हन्सचा ग्रंथ टाकाऊ ठरतो काय? आमच्या मतें मुळींच नाहीं. २६० कोटि टन खपतील असें त्यानें म्हटलेंच नव्हतें. खपूं शकणार नाहींत, तेव्हां हल्लींची गति टिकणार नाहीं, असें म्हटलें होतें. शिवाय त्यानें एक गोष्ट अशी दाखवून दिली कीं, ती आजहि प्रत्येक योजनाकाराच्या मानगुटीस बसलेली आहे. कमी कोळशांत चालणारें एंजिन निघालें म्हणजे कोळसा वांचतो, असें सर्व समजत. जेव्हन्स म्हणाला, वाफ स्वस्त झाल्यामुळें एंजिनें इतकीं वाढतात कीं एकंदर कोळसा अधिकच जळतो. भविष्य चुकलें, पण विचार उरला. यावरून या वाङ्मयाची कसोटी आम्हांस सांपडते: चित्र खरें ठरलें कीं खोटें, यापेक्षां तें खोटें ठरलें तेव्हां लेखकाच्या विचाराचा कोणता भाग शिल्लक राहिला, हें पाहावें.

त्या कसोटीवर प्रो. मकाय यांचें पुस्तक आतां घांसून पाहूं. त्यांनीं लिहिलें तेव्हां ब्रिटनची मोठ्या प्रमाणावरची वीज कोळशावर होत असे. २०१२ सालींहि तिचा वाटा शेंकडा ४० च्या आसपास होता. ३० सप्टेंबर २०२४ रोजीं रॅटक्लिफ-ऑन-सोर येथील शेवटचें कोळशाचें वीजकेंद्र बंद झालें. लंडनच्या होलबर्न पुलापाशीं कोळशावरची सार्वजनिक वीज प्रथम सुरू झाली तें साल १८८२. जेव्हन्स समुद्रांत बुडून मरण पावला तेंहि तेंच साल. एकशें बेचाळीस वर्षांचा हा अध्याय इतक्या शांतपणें मिटला कीं, आपल्याकडील वृत्तपत्रांनीं त्यास अर्धा रकानाहि दिला नाहीं.

परंतु कोळसा गेला तो पांचांपैकीं कोणत्याहि योजनेच्या वाटेनें गेला नाहीं. कोळसा जाळून त्याचा धूर जमिनींत गाडावयाचा, ही कल्पना पहिल्या तीन योजनांचा मोठा आधार होती. सरकारनें तिच्यासाठीं दोनदां स्पर्धा लाविली व २०११ आणि २०१५ सालीं दोनदां गुंडाळली. असें एकहि कोळसा-केंद्र त्या देशांत उभें राहिलें नाहीं. वाळवंटांतील वीज वाळवंटांतच राहिली. अणुशक्तीचें म्हणावें तर, हिंक्ली पॉइंट येथील नव्या केंद्राचा निर्णय २०१६ सालीं झाला, आणि आम्ही हें लिहीपर्यंत त्यांतून एकहि युनिट निघालेलें नाहीं. मध्यंतरीं जुनीं केंद्रें मात्र वय झाल्यामुळें एकामागून एक बंद पडत गेलीं. उलट समुद्रांतील पवनचक्क्या अशा स्वस्त झाल्या कीं, २०१४ सालीं सरकारनें त्यांच्या विजेस जो भाव बांधून दिला होता, त्याच्या जवळजवळ चौथ्या हिश्शावर २०१९ च्या लिलांवांत बोली आल्या. (पुढें व्याज व पोलाद महागलें, आणि २०२३ च्या लिलांवांत समुद्रांतील पवनचक्क्यांसाठीं एकहि बोली आली नाहीं, तेव्हां स्वस्ताई ही सुद्धां सरळ रेघेनें चालत नाहीं.) सौर पत्रे तर सर्व जगांतच दहा वर्षांत मातीमोल झाले. जमीन किती लागेल, याचा हिशेब प्रो. मकाय यांनीं चोख केला होता. भाव किती बदलतील, हा हिशेब त्यांनीं जवळजवळ केलाच नव्हता. निसर्गाच्या मर्यादा आधीं, पैसा मागाहून, असा त्यांचा क्रम होता. शास्त्रज्ञास तो शोभतो. पण घडलेला इतिहास बव्हंशीं पैशानेंच घडविला.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. तांबड्या रकान्यांत त्यांनीं पेट्रोलचें एक युनिट व विजेचें एक युनिट हीं एकास एक धरलीं. असें कां केलें तें त्यांनीं सांगितलें आहे. चोरून कांहींच केलेलें नाहीं. पण पेट्रोलच्या मोटारीस शंभर किलोमीटरला ८० युनिटें लागतात, विजेच्या मोटारीस १५ पुरतात, हें तेच दुसऱ्या भागांत दाखवितात. आणि एक युनिट वीज देऊन तीन-चार युनिटांची ऊब घरांत ओढून आणणाऱ्या यंत्राची स्तुति तेच करतात. म्हणजे पहिल्या भागांतील १२५ विरुद्ध १८ ही भयंकर विषमता दुसऱ्या भागांत निम्मी विरून जाते. परंतु पुष्कळ वाचक मध्यंतरालाच नाटकगृहांतून उठून गेले! 'वाऱ्यानें कांहीं होत नाहीं, मकाय यांनीं सिद्धच केलें आहे', असें म्हणणारे लोक आम्हांस जे भेटले, ते सर्व या मध्यंतरवाल्यांपैकीं होते. यांत वाचकांचा दोष मोठा. पण ज्या लेखकास कलाटणीची इतकी हौस आहे, त्यानें ती कोठें द्यावी याचा विचार करावयास नको होता काय?

इतकें म्हटल्यावर दुसरी बाजूहि तितक्याच स्पष्टपणें मांडली पाहिजे, नाहीं तर आम्हीहि मध्यंतरवालेच ठरूं. ब्रिटनमध्यें २०२४ सालीं विजेचा सुमारें शेंकडा ३० भाग वाऱ्यापासून आला. हा आंकडा ऐकून छाती फुगते, पण प्रो. मकाय यांच्या मापानें तो मांडून पाहिला तर माणशीं रोजचीं तीन-सव्वातीन युनिटें भरतात. हरित योजनेंत वाऱ्याकडून ३२ ची अपेक्षा होती. आणि विजेची एकंदर गरज १८ वरून ४८ कडे जाण्याऐवजीं १८ वरून १३ च्या खालीं उतरली आहे. म्हणजे झालें काय? तर जी वीज आधींच होती तीच स्वच्छ झाली. मोटारी अजून बव्हंशीं तेलावर आणि घरें अजून बव्हंशीं वायूवर आहेत. कर्बवायूचें प्रमाण १९९० च्या निम्म्यावर आलें हें खरें, व तें लहान यश नव्हे. पण सोपा अर्धा भाग संपला आणि अवघड अर्धा उरला, असेंच प्रो. मकाय यांची वही सांगते. परदेशांत तयार होऊन देशांत येणाऱ्या मालाचा धूर कोणाच्या खात्यावर टाकावयाचा, हाहि प्रश्न त्यांनीं २००८ सालींच काढून ठेविला होता, आणि सरकारी आंकड्यांत तो आजहि दाराबाहेरच उभा आहे.

वारा पडल्यावर काय करावयाचें, हें त्यांचें प्रकरण तर आज अधिकच ताजें वाटतें. ३३ गिगावॅटच्या पवनचक्क्या असल्या व पांच दिवस वारा पडला, तर जेवढी वीज सांठवून ठेवावी लागेल ती त्या देशांतील सर्व पाणी-चढविणाऱ्या धरणांच्या सांठ्याच्या चाळीसपट होईल, असा हिशेब त्यांनीं मांडला होता. तेव्हां तो काल्पनिक होता. आज त्या देशांत जवळजवळ तेवढ्याच शक्तीच्या चक्क्या उभ्या आहेत, आणि वारा पडला कीं नैसर्गिक वायूचीं केंद्रें पेटवावीं लागतात. २०१६ च्या एप्रिलांत, अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे असतांना, प्रो. मकाय कर्करोगानें वारले. मृत्यूपूर्वीं थोडेच दिवस दिलेल्या मुलाखतींत, केवळ वारा व ऊन यांवर ब्रिटनचा हिंवाळा निभेल ही समजूत घातक भ्रम आहे, असें त्यांनीं कडक शब्दांत सांगितलें. त्यांच्या मित्रांपैकींहि कित्येकांस तें रुचलें नाहीं. आम्हांस त्यांचें हें मत आवश्यकतेपेक्षां अधिक ठाम वाटतें. परंतु मरणाच्या दारांत उभें राहूनहि बेरीज जुळत नाहीं म्हणून हट्ट धरणारा मनुष्य आदरास पात्र आहे.

आतां या पुस्तकाचा आपल्याशीं संबंध काय, तें सांगून हा लेख पुरा करूं. प्रो. मकाय २००९ पासून पांच वर्षें ब्रिटनच्या ऊर्जाखात्याचे प्रमुख शास्त्रीय सल्लागार होते. तेथें त्यांच्या पुढाकारानें २०५० सालापर्यंतचा असा एक हिशेब-यंत्राचा नमुना तयार झाला कीं, कोणाहि नागरिकानें निरनिराळ्या कळा फिरवून स्वतःची योजना करून पाहावी. त्याच नमुन्यावर, ब्रिटिश खात्याच्या साहाय्यानें, आपल्या नियोजन मंडळानें २०१४ च्या आरंभीं भारतापुरतें एक हिशेब-यंत्र काढलें. त्याचें अखेरचें साल स्वातंत्र्याच्या शताब्दीचें, म्हणजे २०४७, धरलेलें आहे. तेहतीस वर्षांपुढचें चित्र काढणारें तें मंडळ स्वतः मात्र तें साल ओलांडूं शकलें नाहीं. १ जानेवारी २०१५ पासून त्याच्या जागीं नीति आयोग आला, व सुधारलेली आवृत्ति त्यानें काढली. या यंत्रांत प्रत्येक कळेला चार पायऱ्या आहेत, आणि त्यांस नांवें दिलेलीं आहेत: अल्प प्रयत्न, निश्चयी प्रयत्न, आक्रमक प्रयत्न, आणि वीरप्रयत्न! हिशेबाच्या वहींत वीररस शिरला कीं आमच्यासारख्या टीकाकाराचे कान टंवकारतात. वीरप्रयत्न करावयाचा कोणीं? मूळच्या इंग्रजी नमुन्यांत चौथी पायरी म्हणजे निसर्गनियमांच्या अगदीं कडेला जाणारी मर्यादा होती; आपल्याकडे तिला पराक्रमाचें नांव मिळाल्यानें ती जणूं एखाद्या पुरुषार्थी मनुष्याची वाट पाहत बसली आहे.

तरीहि आपल्या यंत्रांत एक गोष्ट अशी आहे कीं, ती प्रो. मकाय यांच्या पुस्तकांत नाहीं, आणि तिजबद्दल तें करणारांची तारीफ केली पाहिजे. त्यांत स्वयंपाकास स्वतंत्र कळ आहे: लांकूडफांटा व गोंवऱ्या किती, सिलिंडर किती, नळाचा वायु किती, वीज किती. इंग्रज माणसाच्या तांबड्या रकान्यांत चूल ही क्षुल्लक बाब. आपल्या देशांत तीच कित्येक घरांचा सबंध रकाना आहे, आणि ती फुंकणाऱ्या बाईच्या डोळ्यांतील पाण्याची नोंद कोणत्याच युनिटांत होत नाहीं. सरासरी हा शब्द ब्रिटनमध्यें बराच अर्थपूर्ण असेल. आपल्याकडे तो मलबार हिलवरील गार केलेला दिवाणखाना आणि मेळघाटांतील झोंपडी यांची बेरीज करून दोहोंनीं भागतो. भारतानें २०७० पर्यंत निव्वळ शून्यावर येण्याचें २०२१ सालीं ग्लासगो येथें जाहीर केलें आहे. ब्रिटनला असलेला खर्च कमी करून स्वच्छ करावयाचा आहे. आपणांस पुष्कळांचा खर्च आधीं वाढवावयाचा आहे आणि त्याच वेळीं स्वच्छहि करावयाचा आहे. ही समस्यापूर्ति निराळ्या वृत्तांतली आहे. तिला इंग्रजी तीन चरण उसने घेऊन चालणार नाहीं.

पुस्तक वाचून झाल्यावर आम्हींहि आमच्या घरचा हिशेब मांडून पाहिला. माणसें चार, विजेचें मासिक बिल १८० युनिटांचें, म्हणजे माणशीं रोज दीड. स्वयंपाकाच्या सिलिंडरांत १४·२ किलो वायु असतो व त्याची उष्णता योगायोगानें सुमारें १८० युनिटेंच भरते. तो दीड महिना पुरतो, म्हणजे माणशीं रोज एक. स्कूटरला रोज अर्धा लिटर पेट्रोल, लिटरमागें दहा युनिटें, म्हणजे माणशीं सव्वा. एकूण पावणेचार! इंग्रजाच्या १२५ शेजारीं हा आंकडा ठेवून आमच्या घरांत प्रथम मोठा अभिमान उत्पन्न झाला. पण तो टिकला नाहीं. १२५ मध्यें त्या देशाचे कारखाने, दुकानें, रस्ते सर्व आलेलें आहे. आमच्या पावणेचारांत आमच्या इमारतीचें सिमेंट नाहीं, पोलाद नाहीं, शेतांतील खत नाहीं, आगगाडी नाहीं. आणि त्या दीड युनिट विजेमागें कोळशाच्या केंद्रांत जवळजवळ तिप्पट उष्णता खर्ची पडते, तीहि नाहीं. वहीचीं पहिलीं तीन पानें भरलीं आणि पुढचीं कोरीं राहिलीं. एखाद्या मराठी विज्ञानशिक्षकानें हीं कोरीं पानें भरून काढावीं, पण चुलीपासून आरंभ करून, अशी आमची फार इच्छा आहे. तसें पुस्तक निघाल्यास त्याचें परीक्षण आम्ही पंधरा वर्षें थांबवून ठेवणार नाहीं.

मूळ पुस्तक रंगीत आकृत्यांनीं भरलेलें आहे, भाषा सोपी आहे, आणि ज्यांस गणिताची भीति वाटते त्यांच्यासाठीं अवघड समीकरणें शेवटच्या भागांत बाजूला काढून ठेविलीं आहेत. लेखकानें संपूर्ण ग्रंथ विनामूल्य वाचावयास मोकळा ठेविला आहे. वाचणारांस आमची एकच सूचना: पहिला भाग संपतांच उठूं नये, वाहतूक आणि घराची ऊब यांवरील दुसऱ्या भागांतील दोन प्रकरणें त्याच बैठकींत वाचावीं.